हरवलेला ग्रंथ आणि उरलेले नाव



शताब्दीच्या प्रसंगी जपून ठेवलेल्या ग्रंथांचे कौतुक व्हावे, हे उचितच आहे. मी मात्र आज नष्ट झालेल्या एका ग्रंथाविषयी बोलणार आहे.

नवव्या शतकात दक्षिण इराकमध्ये, बसऱ्याच्या आसपासच्या खारपड जमिनींवर हजारो गुलाम राबत असत. जमिनीवरचा क्षारांचा थर खरवडून त्याचे ढीग रचावयाचे, म्हणजे खालची माती लागवडीस येई. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोकांना अरब ‘जंज’ म्हणत. तेच नाव या गुलामांना पडले. इ. स. ८६९ मध्ये अली इब्न मुहम्मद याच्या नेतृत्वाखाली त्यांनी अब्बासी खिलाफतीविरुद्ध बंड पुकारले. ८७१ मध्ये त्यांनी बसरा लुटले. खलिफाचा भाऊ अल्-मुवफ्फक याला हे बंड मोडण्यास ८८३ साल उजाडले.

या बंडाचा इतिहास मुहम्मद इब्न अल्-हसन ऊर्फ शैलमा याने लिहिला. तो स्वतः बंडखोरांच्या छावणीत होता. पुढे त्याला अभय मिळाले. परंतु ८९३ मध्ये खलिफा अल्-मुतदिद याने कटाच्या आरोपावरून त्याला अत्यंत क्रूरपणे ठार मारविले. ज्याच्यासाठी कट रचल्याचा संशय होता, त्याचे नाव शैलमाने अखेरपर्यंत उच्चारले नाही. कालांतराने त्याचा ग्रंथही नाहीसा झाला.

तरीही त्याचा बराच मजकूर आज आपल्यापुढे आहे, तो तबरीमुळे. या थोर इतिहासकाराला (८३९–९२३) बंडाविषयी तिळमात्र सहानुभूती नव्हती. बंडाच्या म्होरक्याला तो ईश्वराचा शत्रू म्हणतो. परंतु हकीगत कोणाकडून आली, हे सांगण्याची शिस्त त्याने सोडली नाही. ‘मुहम्मद इब्न अल्-हसन सांगतो’ अशा अर्थाचे शब्द त्याच्या इतिहासात पुनःपुन्हा येतात. बंडखोरांच्या गोटातील साक्ष अशी विरोधकाच्या लेखणीने वाचविली.

त्या वृत्तान्तात रैहान नावाचा एक गुलाम भेटतो. बसऱ्याहून मजुरांसाठी पीठ नेत असता तो बंडखोरांच्या हाती सापडतो. गुलामांना पीठ, सातू आणि खजूर किती मिळतात, असे म्होरक्या त्याला विचारतो. राजवाड्याच्या इतिहासात असा प्रश्न सहसा आढळत नाही. त्याच पानांत असेही दिसते की, अनुयायांना धन आणि गुलाम मिळवून देण्याचे आश्वासन हाच म्होरक्या देत होता. गुलामगिरीतून उठलेल्यांना गुलामगिरी मोडावयाची होतीच असे नाही, हे कटू सत्यही या वृत्तान्ताने झाकलेले नाही.

दुसरा उपकार बगदादच्या इब्न अल्-नदीमचा. ग्रंथांचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थाने ९८७ च्या सुमारास आपली प्रसिद्ध ग्रंथसूची सिद्ध केली. तीत शैलमाचे नाव आहे आणि त्याच्या बंडविषयक ग्रंथाचेही. तबरीने मजकूर राखला, सूचीकाराने ग्रंथाची ओळख राखली.

म्हणून माझी आपणांस दोनच विनंत्या आहेत. आपल्यापैकी जे लिहितात, त्यांनी ज्याचा आधार घेतला त्याचे नाव, तो आपल्या मताचा नसला तरीही, अवश्य द्यावे. आणि ग्रंथालयाने एखादे जीर्ण पुस्तक बाद केले, तरी दाखल नोंदवहीतील त्याची ओळ जपावी. उद्याच्या एखाद्या अभ्यासकाचा शोध कदाचित तिथूनच सुरू होईल.