नववा प्रश्न

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून नागपुरात जमलेल्या समुपदेशक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षानं शास्त्राचा सगळा पट मांडावा, अशी रीत आहे. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. पीएचक्यू-नऊ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली आपल्या प्रत्येकाच्या बॅगेत असते. क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी ती २००१ साली प्रसिद्ध केली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज फार तर सत्तावीस. यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, एका घरी मी ही प्रश्नावली भरून घेत होते. ओसरीवर ती बाई, आणि शेजारीच सूप घेऊन धान्य पाखडत बसलेली सासू. आठ प्रश्न झाले. नवव्याला माझा आवाज आपोआप खाली गेला, नजर कागदावर गेली. "नाही जी," ती म्हणाली. मी शून्यावर गोल केला. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मले काही सुधरत नाही जी. रातच्याला गोठ्यात जाऊन बसतो." गोठ्यात फवारणीच्या औषधाचे डबे होते, ते मी येताना पाहिले होते. तो शून्य माझ्या घाईनं आणि सासूच्या सुपानं लिहिला होता. मी परत वळले. गोठ्यामागच्या बाभळीखाली, तिच्याकडे बघत, तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी ती बोलली.

मापन म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा त्या बाभळीखाली जास्त कळलं. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचं नुसतं भाषांतर केलं नाही. कानडी आणि मराठी मुलांवर ती नव्यानं बसवली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. परक्या मुलांचे आकडे आपल्या मुलांना लावायचे नाहीत, हा त्यामागचा आग्रह. मग 'उदास', 'निराश' हे छापील शब्द आपण वऱ्हाडी माणसासमोर तसेच का ठेवतो? तो म्हणतो मन लागत नाही, जीव कशातच नाही, टेन्शन आहे. नागपूरच्या 'प्रकृती' संस्थेनं 'संगाथ'सोबत अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' उपक्रम चालवला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावातही आजाराऐवजी ताण हा शब्द होता. गावातलेच कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा आकडा मला फार मोठा वाटतो.

आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती अजूनही आपल्यातले काहीजण बोलून दाखवतात. अभ्यास तिला दुजोरा देत नाहीत. विचारल्यानं अनेकांना सुटल्यासारखं वाटतं.

आणि उत्तर 'हो' आलं तर? इथं नीतीचा खरा कस लागतो. खेड्यात भिंतीला कान असतात असं म्हणतात. ओसरीला तर भिंतही नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. जिवाला धोका असेल तर माहिती देता येते, पण धोका टाळायला लागेल तेवढीच. आपल्यासाठी हीच मोजपट्टी. त्या दिवशी तिला विचारून मी तिच्या भावाला एवढंच सांगितलं: औषधाचे डबे आजच तुमच्या घरी न्या, कुलपात ठेवा. कर्ज, नवरा, रात्रीचं गोठ्यात बसणं, यातलं काहीही त्याला कळायची गरज नव्हती. त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालावं. हेही घरच्यांना समजावून सांगायला हवं, कारण पोलिसांच्या धाकानं किती जखमा लपवल्या जातात ते आपण पाहतो. १४४१६ हा टेली-मानस मदतवाहिनीचा मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आपल्या हातानं साठवून द्या.

उपचारपद्धतींचे वाद मी आज घालणार नाही. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस मराठीत आणले, त्यांचं ऋण माझ्यावर आहे. पण रात्र काढणं कठीण झालेल्या माणसाशी पहिल्याच भेटीत अविवेकी समजुतींवर वाद घालू नये. तिथं कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये सांगितलेलं समजून घेणं आणि विनाअट स्वीकारणं आधी लागतं. मग छोटी कामं. गोव्यात 'संगाथ'नं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच करून पाहिलं: मानसोपचाराची पदवी नसलेले समुपदेशक, सहा ते आठ भेटी, आणि सुटलेली रोजची कामं एकेक करून परत हाती घेणं. ती बाई आधी शेजारणीकडे जायला लागली. झोप बऱ्याच नंतर आली.

ज्या कार्यकर्तीला नववा प्रश्न विचारायला शिकवलं, तिला 'हो' ऐकल्यावर फोन कुणाला करायचा हेही शिकवलेलं असलं पाहिजे. नसेल, तर तिला एकटीला गावात पाठवणं अन्याय आहे, तिच्यावरही आणि त्या घरावरही.

दुपारच्या सत्रात जोड्या पाडायच्या आहेत. मेळघाटातल्यांनी कोरकूत, गडचिरोलीच्या साथींनी गोंडीत, बाकीच्यांनी घरात बोलता त्या बोलीत, समोरच्याकडे बघत नववा प्रश्न विचारायचा आहे. कागद बॅगेतच राहू द्या.