रोमच्या पतनाचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



इ. स. ४७६ मध्ये ओडोअकर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरसवदा सम्राटाला पदच्युत केले. त्याचा जीवही घेतला नाही. वर्षासन बांधून देऊन त्याला दूर धाडले आणि सम्राटपदाची राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला रवाना केली. पश्चिमेत यापुढे वेगळ्या सम्राटाची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाच शतके उभे असलेले साम्राज्य बुडाले आणि ते वाचवण्यासाठी प्रजेतून कोणी उठले नाही. ते का बुडाले, या प्रश्नापेक्षा कोणी का उठले नाही, हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पतनाच्या कारणांची वाण कधीच नव्हती. गिबनच्या ग्रंथाचा पहिला खंड १७७६ साली निघाला. १९८४ साली एका जर्मन इतिहासकाराने तोवर सुचवल्या गेलेल्या कारणांची यादी केली, ती २१० पर्यंत गेली! आपल्याकडील व्यासपीठांवर सर्वांत लाडके कारण म्हणजे नीतिभ्रष्टता : मद्य, मेजवान्या, विलास. परंतु या कथा बहुतांशी नीरोच्या काळातल्या, म्हणजे पहिल्या शतकातल्या आहेत, आणि साम्राज्य त्यानंतर चारशे वर्षे टिकले. ख्रिस्ती धर्माने रोमनांचे क्षात्रतेज मावळले, असेही म्हटले जाते. पण साम्राज्याचा पूर्वार्ध अधिकच ख्रिस्ती होता, आणि तो १४५३ पर्यंत तगला. रोमचे सोने मिरी आणि मलमलीपायी हिंदुस्थानात वाहून गेले, ही तक्रार तर थोरल्या प्लिनीपासूनची. आपल्या तेर आणि कोल्हापूरच्या उत्खननांतून त्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या आहेत. तथापि या मालावर रोमचे सरकार २५ टक्के जकात घेत असे. तिजोरीच्या दृष्टीने तो बुडीत धंदा नव्हता.

राहिले रानटी टोळ्यांचे आक्रमण. इ. स. पूर्व २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर हॅनिबालने एका दिवसात रोमचे सुमारे पन्नास हजार सैनिक कापले, असे प्राचीन लेखक सांगतात. तेव्हा रोमची सत्ता इटलीपलीकडे फारशी नव्हती; तरीही प्रजासत्ताकाने नव्या पलटणी उभ्या केल्या आणि अखेर युद्ध जिंकले. इ. स. ३७८ मध्ये एड्रियानोपल येथे गॉथांनी सम्राट व्हॅलेन्सला ठार केले. त्या दिवशीची हानी कॅनीपेक्षा पुष्कळ कमी होती आणि साम्राज्य ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरलेले होते. तरी ती फौज पुन्हा भरून निघेना. ३८२ मध्ये त्याच गॉथांशी तह करून त्यांनाच सैन्यात घ्यावे लागले.

या दोन तारखांच्या मधल्या सहाशे वर्षांत काय घडले? कॅनीनंतर उभा राहिलेला सैनिक हा स्वतःच्या जमिनीचा मालक होता. पुढे विजयांतून आलेली संपत्ती आणि गुलाम मूठभर घराण्यांच्या हाती गेले आणि लहान शेतकऱ्याची शेते मोठ्या वाड्यांत विरून गेली. टायबेरियस ग्राकसने इ. स. पूर्व १३३ मध्ये सरकारी जमिनीच्या धारणेवर मर्यादा घालून उरलेली भूमिहीनांना वाटण्याचा कायदा आणला. त्याच वर्षी सिनेटर मंडळींनी बाके मोडून, त्यांचे पाय हाती घेऊन त्याला त्याच्या सुमारे तीनशे अनुयायांसह ठार केले आणि प्रेते टायबर नदीत फेकली. बारा वर्षांनी त्याचा भाऊ गेयस याचीही तीच गत झाली. कमाल जमीनधारणेच्या कायद्याला भूस्वामी कसे उत्तर देतात, याचा हा इतिहासातील जुना दाखला.

तिसऱ्या शतकात रोगाच्या साथी, यादवी आणि सीमेवरील युद्धे एकदमच कोसळली. ही संकटे खरी होती. त्यांचे माप कमी करण्याचे कारण नाही. पण खर्च भागवण्यासाठी राज्यकर्त्यांनी काय केले? नाण्यातली चांदी काढून घेतली. ऑगस्टसच्या काळी जवळजवळ शुद्ध असलेले चांदीचे नाणे सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात निम्म्यावर आले आणि २६० नंतरच्या दशकात तर तांब्याला चांदीचा नुसता मुलामा उरला. डायोक्लेशियनने ३०१ मध्ये वस्तूंचे व मजुरीचे कमाल दर ठरवणारा हुकूम काढला. भंग करणाऱ्यास देहदंड. माल बाजारातून नाहीसा झाला, असे समकालीन लॅक्टँशियस सांगतो. (तो डायोक्लेशियनचा वैरी होता, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.) कॉन्स्टंटाइनने पुढे सोन्याचे भक्कम नाणे पाडले, ते शतकानुशतके टिकले. परंतु सोने होते श्रीमंतांच्या पेटीत. गरिबाच्या हाती तांबेच आले, आणि त्याचे मोल घसरतच राहिले.

फौज वाढली, नोकरशाही वाढली, कर वाढले. मोठे जमीनदार कर चुकवू शकत होते, कारण वसुलीचे अधिकारी त्यांच्याच गोतावळ्यातले. नगरसभांच्या सभासदांवर वसुलीची जबाबदारी टाकण्यात आली. तूट आली की त्यांच्याच मालमत्तेतून भरून घ्यायची, आणि हे पद वंशपरंपरेने मुलाच्या गळ्यात. कुळांसाठी कॉन्स्टंटाइनचा ३३२ चा कायदा आला : पळून गेलेले कूळ मूळ जागी परत धाडावे आणि पळण्याच्या बेतात असलेल्यास बेड्या घालाव्यात.

अम्मियानस या इतिहासकाराने एक मार्मिक हकिकत नोंदवली आहे. ज्युलियन गॉल प्रांतात आला तेव्हा दर करआकारणीमागे २५ सुवर्णनाणी घेतली जात; त्याने ती सातावर आणली. मात्र थकबाकी माफ करण्यास त्याने ठाम नकार दिला. गरिबाकडून कर वर्षाच्या आरंभीच दामटून वसूल होतो, थकबाकी राहते ती धनवानांची, म्हणून माफीही त्यांनाच मिळते, हे त्याने ओळखले होते. रोमन सम्राटांत असा हिशेब समजणारे थोडेच.

सैन्यभरतीचीही तीच तऱ्हा. जमीनदाराने आपल्या कुळांतून माणूस द्यायचा, नाहीतर सोने द्यायचे. लोक अंगठे तोडून घेऊ लागले. ३८१ च्या कायद्याने ठरवले की एका धडधाकट माणसाऐवजी अंगठे तोडलेले दोन चालतील! अशा फौजेकडून कोणत्या पराक्रमाची अपेक्षा करावी?

४४९ मध्ये अटिलाच्या छावणीत वकिलातीबरोबर गेलेल्या प्रिस्कसला हूणांच्या वेषातला एक ग्रीक व्यापारी भेटला. युद्धात कैद होऊन तो तिथे आला होता आणि मुक्त झाल्यावरही परत गेला नव्हता. रोमन राज्यात करांचा जाच आहे, श्रीमंताने गुन्हा केला तर तो सुटतो, गरीब न्यायासाठी झिजून मरतो, असे तो म्हणाला. प्रिस्कसने रोमन कायद्याची थोरवी सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. कायदे चांगलेच आहेत, राज्य करणाऱ्यांनी त्यांची माती केली, असे त्याने कबूल केले. त्याच सुमारास मार्सेयचा धर्मगुरू साल्व्हियन लिहीत होता की गरीब रोमन माणसे रानटी म्हटल्या जाणाऱ्या टोळ्यांच्या आश्रयाला जात आहेत.

जे गेले नाहीत, त्यांतले काही उठले. ४३५ मध्ये गॉलमध्ये टिबाटोच्या नेतृत्वाखाली बगौडी बंडखोरांचा उठाव झाला. दोन वर्षांत साम्राज्याच्या सेनानींनी भाडोत्री हूण घोडदळ आणून तो मोडला. आणखी दोन वर्षांनी, ४३९ मध्ये, व्हँडलांनी कार्थेज घेतले. पश्चिमेचे सर्वांत समृद्ध प्रांत आणि त्यांचा महसूल गेला. ४४४ मध्ये तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या सरकारला कायद्यातच कबुली द्यावी लागली की असलेल्या सैन्याला अन्नवस्त्र पुरवण्याइतकेही उत्पन्न नाही. म्हणून विक्रीवर एक चोविसांश नवा कर. त्याच शतकाच्या आरंभी रोममधील बड्या सिनेटर घराण्यांना वर्षाकाठी चार हजार पौंड सोन्याचे उत्पन्न होते, असे ऑलिम्पियोडोरसने लिहून ठेवले आहे.

मग साम्राज्य गेले, तेव्हा कुळे मोकळी झाली का? काही पुरोगामी इतिहासकारांनी असे सूचित केले आहे. पण पुरावा तसा नाही. ब्रिटनमध्ये कुंभाराचे चाकसुद्धा नाहीसे झाले. इटलीत साध्या शेतकऱ्याच्या घरावर असलेली कौले आणि घरातली चांगली भांडी पुढच्या थरांत सापडत नाहीत. सामान्य माणसाचे जीवन हलाखीचेच झाले. आणि जमीनदार बहुतेक ठिकाणी होते तिथेच राहिले. काही धर्माध्यक्ष झाले, काही नव्या राजांचे कारभारी. ५०६ मध्ये गॉथांचा राजा दुसरा अलॅरिक याने आपल्या रोमन प्रजेसाठी कायद्यांचा संग्रह करवला. जुन्या सम्राटांचे कितीतरी कायदे त्यातून गाळले गेले. पळालेल्या कुळांविषयीचा ३३२ चा कायदा मात्र त्यात कायम ठेवण्यात आला.