पेढे की बर्फी?

बाळंतपण झालं की पहिला प्रश्न ठरलेला: पेढे की बर्फी? पोटात काय आहे हे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, पण जन्मल्यावर कुणाला दम निघत नाही. मात्र कधीकधी नर्सताईंनाही चटकन सांगता येत नाही, कारण बाळाचे अवयव मुलासारखे की मुलीसारखे हे स्पष्ट नसतं.

आमच्या गटातल्या एका सखीच्या नातवंडाचं असंच झालं. एका दवाखान्यात सांगितलं, 'ऑपरेशन करून टाका, प्रश्न मिटेल.' सखी गटाकडे कर्ज मागायला आली. चारचौघांत कळलं तर काय, याचीच तिला धास्ती. आम्हीही कर्ज द्यायला निघालो होतो! आशाताईंनी अडवलं, म्हणाल्या, आधी जिल्ह्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तिथल्या डॉक्टरांनी वेगळंच विचारलं. बाळ दूध ओढतं का? उलट्या होतात का? वजन घटतंय का? अशा काही बाळांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत जन्मतः दोष असतो. अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जिवावर बेततं. रक्त तपासून वेळेत औषध सुरू केलं तर बाळ वाचतं. औषध जन्मभर घ्यावं लागतं. या बाळाला तोच दोष निघाला. खरी घाई इथे होती, ऑपरेशनची नव्हती.

पुढे एका शिबिरात वकीलताईंनी कायदा समजावला. जन्मतः ज्यांचे अवयव, गुणसूत्रं किंवा संप्रेरकं नेहमीच्या स्त्री-पुरुषांपेक्षा वेगळी असतात, अशा व्यक्तींची व्याख्या केंद्राच्या २०१९ च्या कायद्यात केली गेली. त्यांना इंटरसेक्स म्हणतात. उपचार देताना त्यांच्याशी भेदभाव करायचा नाही, असंही त्या कायद्यात म्हटलं. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडू सरकारने लहान मुलांवरची अशी ऑपरेशनं थांबवली, जिवाला धोका असेल तेवढीच सोडून. हा हुकूम त्या राज्याचा. पण डॉक्टरांना विचारायला आपल्याला कोण अडवतंय? आत्ता नाही केलं तर जिवाला धोका आहे का? लघवी अडेल का? नसेल, तर मूल मोठं होऊन स्वतः सांगेपर्यंत थांबता येईल का?

जन्माची नोंद मात्र २१ दिवसांत करा. नाव नंतर घालता येतं.

सखीला कर्ज आम्ही दिलंच. ते लागलं रक्ताच्या तपासण्यांना, औषधांना आणि एसटीच्या खेपांना.