आमच्या गाडीचं पुस्तक

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटीतलं काहीतरी बोल' असं सांगितलं होतं. पण आयटीतलं बोलले तर जेवणाआधीच निम्मे लोक डुलक्या घेतील. म्हणून मी गाडीबद्दल बोलणार आहे. बाहेर मैदानाच्या कडेला पांढरी मारुती ८०० उभी आहे ना, ती आमची. आपली दहावी झाली त्याच वर्षी, १९९६ मध्ये, बाबांनी घेतली. पावसात तुमच्यातल्या कित्येकांना त्यांनी तिच्यातून घरी सोडलंय. मागच्या सीटवर आपण पाच-पाच जण कोंबून बसायचो.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. दादा म्हणाला, विकून टाक. भंगारवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून आई काही न बोलता आत निघून गेली. मग विकायचा विषय संपला. गावातल्या नव्या गॅरेजमध्ये नेली, तर तिथली पोरं स्कॅनर हातात घेऊन तो जोडायची जागा शोधत बसली. कार्ब्युरेटरची गाडी ती, जागा असणार कुठून! तेव्हा ठरवलं की निदान ऑइल, फिल्टर, प्लग एवढं तरी आपण करायचं. ऑफिसात नव्या मुलांना मी सारखी सांगत असते, आधी डॉक्युमेंटेशन वाचा. आता वेळ माझ्यावर आली होती.

तर पुस्तक शोधायचं. इथे पहिला घोटाळा असा की 'मॅन्युअल' म्हणून आपण जे म्हणतो त्या दोन-तीन वेगळ्या गोष्टी असतात. गाडीबरोबर मिळते ती मालकाची पुस्तिका. ती बहुतेकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलीसुद्धा नसते. त्यात टायरमधली हवा, फ्यूज कुठला कशाचा, किती किलोमीटरला काय बदलायचं, एवढं असतं, आणि ते थोडं नाही. बाबांनी आमच्या पुस्तिकेच्या समासात प्रत्येक सर्व्हिसिंगचे किलोमीटर पेन्सिलने लिहून ठेवलेत. दुसरी सर्व्हिस मॅन्युअल. ती कंपनी आपल्या वर्कशॉपसाठी काढते. कुठला बोल्ट किती घट्ट, कुठली फट किती मिलिमीटर, ते सगळं तिच्यात. आणि तिसरा पार्ट्सचा कॅटलॉग. त्यात प्रत्येक भाग सुटा काढून, एकापुढे एक मांडून चित्र काढलेलं असतं.

ते चित्र पहिल्यांदा पाहिलं आणि मला शिवणाच्या बाई आठवल्या. ब्लाउजची बाही, पाठ, योक असं कागदावर सुटंसुटं काढायला लावायच्या आणि म्हणायच्या, आधी डोक्यात शिवून बघ. तुम्हाला आठवत असेल, आठवीत मुलांना टेक्निकल आणि आपल्याला शिवण. मी तेव्हा हट्टाने वर्कशॉपच्या दारात जाऊन उभी राहायचे. टेक्निकलचे सर आत घेऊ शकत नव्हते, पण त्यांनी मला हाकललंही नाही. लेथ दारातून दिसेल असा दरवाजा पूर्ण उघडा ठेवायचे. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसलायत म्हणून सांगते, तो दरवाजा तुम्ही मुद्दाम उघडा ठेवत होता हे मला तेव्हाच कळलं होतं.

असो. सर्व्हिस मॅन्युअल काही मिळेना. आधी आरसी बुकातून चासी नंबर, इंजिन नंबर आणि तयार झाल्याचा महिना-वर्ष लिहून घेतलं, कारण नाव तेच असलं तरी गाडी तीच नसते. ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, १९८६ मध्ये तिचं अंग बदललं, २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यानंतरच्या गाडीचं पुस्तक आमच्या गाडीला इंधनाच्या बाबतीत निरुपयोगी. मग लक्षात आलं की हीच गाडी पाकिस्तानात 'सुझुकी मेहरान' नावाने १९८९ पासून २०१९ पर्यंत बनत होती. इंजिन तेच, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मेहरानच्या मॅन्युअलची एक स्कॅन केलेली, कडा कापल्या गेलेली प्रत मिळाली. फायरिंगचा क्रम १-३-२, तोही जुळला. स्टिअरिंग दोन्हीकडे उजवीकडेच. मी खूश.

आणि त्या खुशीत चूक केली. त्या प्रतीत प्लगचा टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये होता, २.५ च्या आसपास. म्हणजे साधारण २५ न्यूटन-मीटर. माझ्या टॉर्कच्या पान्यावर दोन मापं होती, न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड. मी २५ लावले ते फूट-पाउंडच्या बाजूला. म्हणजे झाले ३४ न्यूटन-मीटर. हेड ॲल्युमिनियमचं, आटे पंचवीस-सव्वीस वर्षांचे जुने. पहिले दोन प्लग बसले. तिसरा घट्ट होत होत एकदम मऊ लागला आणि नुसता फिरतच राहिला. आटे गेले. रोज एककांच्या चुका पकडायचा पगार घेणारी बाई मी! अंगणातल्या पायरीवर बसून रडले. आईने चहा आणून दिला आणि म्हणाली, तुझ्या बाबांनी पण एकदा रेडिएटरचं झाकण विहिरीत पाडलं होतं.

एसटी स्टँडमागचे जुने मेस्त्री तुम्हाला माहीत आहेत. त्यांनी हेलिकॉइल बसवून आटे परत करून दिले. आणि हात पुसून टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात ८०० ची सर्व्हिस मॅन्युअल! ऑइलने पारदर्शक झालेली पानं. कधीकाळी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होते तेव्हाची. इतके महिने मी जगभर शोधत होते ती शाळेपासून तीनशे पावलांवर होती. पुस्तक देणार नाही म्हणाले, इथे बसून फोटो काढ. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, चित्रं बघतात. दोन रविवार मी वाचत गेले आणि ते 'हां, बरोबर' किंवा 'तसं नसतं होत' म्हणत गेले. प्लगचा आकडा वाचला तर म्हणाले, "ताई, पहिले आटे पान्याने नाही, बोटांनी. टेकला की मग नवा प्लग असंल तर अर्धा वळसा. जुनाच परत लावला तर जेमतेम." हे वाक्य मी समासात पेन्सिलने लिहिलं. त्यांच्या परवानगीने.

परदेशात हा उद्योगच झाला. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी गाडी पूर्ण उलगडून, परत जोडून, प्रत्येक पायरीचे फोटो काढून पुस्तकं छापली. पहिलं १९६६ चं. अशा पुस्तकांत ठिकठिकाणी 'काढलं त्याच्या उलट क्रमाने लावा' एवढंच लिहिलेलं असतं. त्या एका ओळीत माझे किती रविवार गेलेत ते मी सांगत नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि मॅन्युअल बाहेरच्या गॅरेजना न देणं, हा मुद्दा त्यात होता. पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. पण मेस्त्रींच्या खणातली प्रत मेस्त्रींनंतर कुठे जाणार, याचं उत्तर त्यात नाही. म्हणून त्यांच्या संमतीने मी तिचे सगळे फोटो नीट लावून, मेस्त्रींच्या शेऱ्यांसकट एक वही तयार केली आहे. शेरे त्यांच्याच शब्दांत, मराठीत.

ब्रेकचं काम मात्र मी अजून एकटी करत नाही. आधी मेस्त्री बघतात, मग आई बसते.

वही गाडीत पुढच्या खणात आहे. जेवणानंतर मी बॉनेट उघडणार आहे. सर, तुम्ही या. आणि आपल्या वर्गातल्या ज्या मुली शिवणाच्या खोलीत होत्या, त्यांनी पुढे उभं राहायचं. मुलगे मागे.