पेशी फोडून काय कळतं?



आपल्या यकृतातल्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत डीएनए एकच असतो. प्रथिनं घडवणारी साधारण वीस हजार जनुकं दोन्हीकडे सारखीच. तरी यकृत पित्तरस तयार करतं, मेंदू करत नाही. कोणतं जनुक चालू राहील आणि कोणतं बंद, हे त्या त्या पेशीत वेगळं ठरतं. ते ठरवतं कोण, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीच फोडली. ती का फोडावी लागली, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

जिवंत पेशी म्हणजे लग्नघर. शंभर माणसं धावपळ करताना दिसतात. त्यांतल्या कोणावाचून लग्न अडेल, हे गर्दीकडे बघून सांगता येत नाही. एखादं प्रथिन जनुकाजवळ सापडलं म्हणून त्यानंच ते चालू केलं असं होत नाही. खात्री करायची तर प्रथिनं सुटी करावी लागतात, एकेक वगळून आणि परत घालून बघावं लागतं. हे परीक्षानळीतच जमतं.

ही वाट जुनी आहे. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसातही साखर आंबते, हे एडुआर्ड बुखनर यांनी 1897 साली जर्मनीत दाखवलं. 1961 साली अमेरिकेत मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी जिवाणूंच्या अर्कात एकाच अक्षराचा कृत्रिम आरएनए घातला आणि जनुकीय संकेताचा पहिला शब्द उलगडला. माणसाच्या जनुकांचं नियमन मात्र इतक्या सहजी हाती आलं नाही.

1969 मध्ये रॉबर्ट रोडर आणि विल्यम रटर यांनी दाखवलं, की प्राण्यांच्या पेशींत आरएनए बनवणारी पॉलिमरेज तीन प्रकारच्या असतात. प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए बनवते त्यांतली दुसरी. पण ती शुद्ध करून डीएनएवर सोडली, तर योग्य जागा तिला ओळखता येईना. पेशीत तीच अचूक जागी सुरुवात करते! म्हणजे तिला जागा दाखवणारं दुसरं कोणीतरी असणार.

1979 मध्ये सेंट लुईस इथे रोडर यांच्या गटानं मानवी पेशींचा अर्क, शुद्ध पॉलिमरेज आणि अ‍ॅडेनोविषाणूचा डीएनए एकत्र केले. विषाणूच का? तो माणसाच्याच पेशीतली यंत्रणा वापरतो आणि त्याच्या एका जोरदार जनुकाची आरंभाची जागा अक्षरापर्यंत माहीत होती. डीएनए त्या जागेपासून ठरावीक अंतरावर कापून ठेवायचा. पाचशे अक्षरांवर कापला आणि पाचशे अक्षरांचाच आरएनए मिळाला, तर सुरुवात बरोबर झाली. किरणोत्सारी अक्षरांनी खूण केलेला तो आरएनए फिल्मवर एका काळ्या पट्टीच्या रूपात दिसतो. ती पट्टी अपेक्षित जागी उमटली.

1983 मध्ये डिग्नम, लेबोव्हिट्झ आणि रोडर यांनी केंद्रकाचा अर्क काढण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. पेशी कमी क्षारांच्या द्रावणात फुगवायच्या, काचेच्या दट्ट्यानं हलके फोडायच्या, केंद्रकं वेगळी करायची आणि मीठ वाढवून त्यांतली प्रथिनं बाहेर काढायची, सगळं थंडीत. या पेशी हीला जातीच्या. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिची संमती न घेता, त्या काढल्या होत्या. या विद्येवर तिचं ऋण आहे.

पुढे अर्काचे भाग पाडत गेल्यावर पॉलिमरेजचे साथीदार एकेक करून हाती आले. त्यांतल्या टीएफटूएच या साथीदारानं 1993 मध्ये सगळ्यांना चकित केलं. डीएनएचा पीळ उलगडणारा त्याचा एक घटक दुरुस्तीचंही काम करतो, आणि तो बिघडला की झेरोडर्मा पिगमेंटोझम होतो. या आजारात ऊन सोसत नाही आणि लहान वयातच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

तरी परीक्षानळीतला डीएनए उघडा होता. पेशीत तो हिस्टोन प्रथिनांभोवती, दर गाठीला सुमारे 147 अक्षरजोड्या, असा गुंडाळलेला असतो. 1986-87 मध्ये तसा गुंडाळलेला डीएनए नळीत घातला, तर जनुकाची सुरुवातच अडली. मग काही प्रथिनांचं खरं काम कळलं: उघड्या डीएनएवर ज्यांच्यावाचून फारसं अडत नव्हतं, ती इथे अपरिहार्य ठरली. गुंडाळी सैल करणाऱ्यांना ती बोलावून आणतात.

याचा उपयोग काय, असं कोणी विचारील. 1984 मध्ये एड्रियन क्रेनर आणि सहकाऱ्यांनी हीला पेशींच्याच अर्कात आरएनएची काटछाट, म्हणजे नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडण्याची क्रिया, घडवून आणली. काटछाटीच्या त्या अभ्यासातून पुढे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आजारावरचं नुसिनर्सेन हे औषध आलं. अमेरिकेत त्याला 2016 मध्ये मान्यता मिळाली.

नळीला मर्यादा आहेत. तिथे शेजारच्या पेशींचे संकेत नाहीत, वाढीचा काळ नाही. त्यासाठी जिवंत पेशीकडे परतावंच लागतं. पण काय घडतं हे पेशी दाखवते. काय पुरेसं आहे ते नळीच सांगते.

म्हणून विनंती एकच. ‘अमुक रोगाचं जनुक सापडलं’ अशी बातमी वाचाल, तेव्हा विचारा: ते काढून पाहिलं का? परत घातल्यावर काम सुरू झालं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तरच त्या बातमीवर विश्वास ठेवा.