हौस की धंदा? गरी तीच, हिशोब वेगळा

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून बोलते आहे. आमच्या बचत गटाच्या ताईंनी सांगितलं, की तुला जे येतं त्यावर बोल. मला गरवायला येतं. आमच्याकडे गळाने मासे पकडायला 'गरवणं' म्हणतात आणि गळाला म्हणतात गरी. मी हे सासूबाईंकडून शिकले. त्याला आता बावीस वर्षं झाली.

एका रविवारची गोष्ट सांगते. शहरातली चार मुलं सकाळपासून आमच्या धक्क्यावर मासे पकडायला बसली होती. त्यांच्याकडे लांब काठ्या होत्या, चकचकीत रिळं होती, गऱ्यांनी भरलेला डबा होता. माझ्याकडे प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा एक तुकडा आणि डब्यात थोडी कोळंबी. मी साडेअकराला पोचले तेव्हा ती मुलं कंटाळून सामान आवरत होती. सकाळपासून काही लागलं नव्हतं. त्यातल्या एकाने हसून विचारलं, "मावशी, तुम्हालाही हौस आहे वाटतं?"

मी पटकन म्हणाले, "हो, हौसच की!"

ती मुलं गेली आणि मी गरी टाकली. अडीच वाजेपर्यंत तीन तांबोश्या आणि पाच काळुंदर मिळाली. त्यातल्या दोन तांबोश्या वाटेतच विकल्या गेल्या. त्या पैशांतून मुलीची एसटीच्या पासची रक्कम भरली. रात्री झोपताना मात्र माझं मलाच वाईट वाटलं. ज्या कामातून पोरीचा पास निघतो, त्याला मी स्वतःच्या तोंडाने हौस का म्हटलं?

हौशी माणूस आणि यावर पोट असणारा माणूस यांच्यात फरक कुठे असतो, ते आज सांगते. तो काठीत नसतो.

पहिला फरक वेळेचा. ती मुलं सुट्टी बघून आली होती, मी तिथी बघून गेले होते. आपल्या जुन्या माणसांचा हिशोब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाही तीच आणि रात्रीही साधारण तीच. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे आणि ढोबळ आहे. गावागावाप्रमाणे थोडा पुढे-मागे होतो, खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते. त्या रविवारी षष्ठी होती. म्हणजे भरती साडेचारला आणि ओहोटी साडेदहाला. मुलं बसली होती ती पाणी उतरत असताना. मी गेले तेव्हा पाणी वळून आत यायला लागलं होतं. आमच्या धक्क्यावर त्या नव्या पाण्याबरोबर मासा आत येतो. मी काही त्यांच्यापेक्षा हुशार नव्हते. मला फक्त कधी जायचं ते माहीत होतं.

दुसरा फरक, कधी जायचं नाही ते माहीत असणं. उधाणाच्या दिवसांत, पावसाळ्यात, वारा फिरला असेल तेव्हा मी खडकावर उतरत नाही. हौशी माणूस लांबून गाडीभाडं खर्चून आलेला असतो, त्याला परत जाववत नाही. शेवाळलेल्या खडकावर, पाठीमागून पाणी भरतंय याकडे लक्ष न देता तो उभा राहतो. पाहुणी माणसं बुडतात ती बहुतेक अशीच. सासूबाईंचा नियम होता: एकटीने जायचं नाही, आणि परतायची वाट पाण्याखाली जायच्या आधी उठायचं. मासा लागत असला तरी उठायचं. हे शेवटचं सगळ्यांत कठीण.

तिसरा फरक, लागलेल्या माशाचं काय करायचं. हौशी माणूस मासा उन्हात दगडावर टाकतो, फोटो काढतो, दोन तासांनी मासा मऊ पडतो. घरी खायचा असेल तर एक वेळ चालून जातं. विकायचा असेल तर गिऱ्हाईक कल्ले उचलून बघतं. मी आधी ओल्या गोणपाटात ठेवायची. आता थर्मोकोलच्या पेटीत बर्फ नेते. जेवढे मासे तेवढाच बर्फ, वजनाला वजन, हे लक्षात ठेवा. खाली बर्फ, मध्ये मासा, वर पुन्हा बर्फ. बर्फ आणायला लागल्यापासून मला भाव पाडून द्यावा लागलेला नाही.

शिंगाळा लागला तर त्याचा काटा जपून. तो काटा विषारी असतो. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्याने ठणका कमी होतो, आणि मग दवाखाना गाठायचा. याच शिंगाळ्याचा नर अंडी आपल्या तोंडात सांभाळतो, तेवढे दिवस तो खात नाही. म्हणून तेव्हा तो गरीला लागत नाही, जाळ्यात सापडतो. तोंडात अंडी असलेला शिंगाळा जाळ्यात आला तर आपल्या माणसांना सांगा, त्याला सोडा. एक मासा सोडला की एक पूर्ण पिढी सुटते.

लहान मासा सोडण्याबद्दल मी हे सांगतेय खरी, पण मीही पूर्वी सोडत नव्हते. 'मिळालंय ते घ्या' असंच होतं. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच इंचांपेक्षा लहान पकडायचं नाही. सुरमई ३७० मिलिमीटर, म्हणजे साडेचौदा इंचांपेक्षा लहान नाही. त्याच वर्षी पापलेट आपल्या राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. माझ्या खाडीत पापलेट येत नाही, पण नियमामागचा अर्थ खाडीलाही लागू आहे. माशाने एकदा तरी अंडी घातली पाहिजेत, मग तो आपला.

आता ज्याच्यासाठी मी आज माइकसमोर बसले, ती गोष्ट.

त्याच रविवारी धक्क्याच्या टोकाला आणखी एक जण बसले होते. नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, तेही हौशीच. पण ते माझ्याबरोबरच साडेअकराला आले. त्यांनाही भरतीची वेळ ठाऊक होती. तुटलेला तंगूस ते गुंडाळून खिशात ठेवत होते. तो खडकावर टाकला की पक्ष्यांचे पाय अडकतात, हे मला माहीत असून मी करत नव्हते. आणि मासा लागला की ते एका वहीत लिहीत होते. मी विचारलं, काय लिहिता? त्यांनी वही दाखवली. तारीख, तिथी, वारा, पाण्याचा रंग, आमिष, काय लागलं, काय सोडलं. दहा वर्षांच्या वह्या घरी आहेत म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमची वही कुठे आहे?"

मला हसू आलं. म्हटलं, आम्हाला कसली वही! आमचं सगळं डोक्यात.

पण ते मनात राहिलं. ज्यांचं पोट यावर नाही ते लिहितात आणि जिचं घर यावर चालतं ती लिहीत नाही. मग हौशी कोण?

याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्या खाडीच्या तोंडाशी बांधकाम निघालं. कोणाच्या मासेमारीचं नुकसान होणार याची यादी करायला माणसं आली. होडीवाल्यांची नावं लिहिली. आम्ही गरीवाल्या आणि ओहोटीला कालवं, तिसऱ्या काढणाऱ्या बायका तिथेच उभ्या होतो. आम्हाला विचारलं, तुमचा व्यवसाय काय? एकीने सांगितलं, घरकाम. दुसरीने सांगितलं, शेतमजुरी. मी सांगितलं, "काही नाही, आपलं भाजीपुरतं गरवते." यादीत आमचं एकीचंही नाव आलं नाही. आम्ही रागावलो, आमच्यावर अन्याय झाला म्हणालो. अन्याय तर झालाच. पण मैत्रिणींनो, 'काही नाही' हे शब्द माझे होते. ते कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

त्या रविवारनंतर मी मुलीची जुनी वही घेतली. सहा महिने एकही दिवस चुकवला नाही. मग बेरीज केली. ७२ दिवस खाडीवर गेले. त्यातले १९ दिवस रिकाम्या हाताने परत आले. उरलेल्या ५३ दिवसांत विकलेल्या माशांचे २१,४०० रुपये झाले. घरात शिजवला तो मासा विकत घ्यावा लागला असता तर आणखी ९,००० गेले असते. तंगूस, गऱ्या, शिसं, बर्फ, रिक्षा असा खर्च ३,१००. हाती राहिले २७,३०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या वर.

घरात वाचून दाखवलं. आमचे हे नेहमी म्हणायचे, "तिचं गरवणं म्हणजे कालवणाची सोय." त्या रात्री ते काही बोलले नाहीत. वही मागून घेतली आणि बेरीज पुन्हा एकदा स्वतः करून बघितली.

ते १९ रिकामे दिवसही मी लिहिले, ते मुद्दाम सांगते. हौशी माणूस रिकामा दिवस विसरून जातो, मोठ्या माशाचीच गोष्ट सांगतो. धंदा करणारीला रिकामा दिवस मोजावा लागतो, कारण त्या दिवशीही चूल पेटवायची असते. माझ्या वहीत दिसलं, की १९ पैकी ११ दिवस भांगाचे होते. म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, जेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. आता त्या दिवसांत मी सुकी मासळी निवडायचं काम घेते. बावीस वर्षं डोक्यात असलेली गोष्ट कागदावर आली तेव्हा मला दिसली.

ही वही मी गटाच्या बैठकीत दाखवली. आता आम्ही ११ जणी लिहितो. दोघींना लिहिता येत नाही, त्यांची मुलं लिहितात. तिसऱ्यावाल्या शेर-मापाने लिहितात, गरीवाल्या नगाने. गेल्या ग्रामसभेत आम्ही त्या वह्या टेबलावर ठेवल्या. नुकसानभरपाई अजून मिळालेली नाही, खोटं कशाला सांगू. पण ठरावात 'खाडीत हाताने व गरीने मासेमारी करणाऱ्या महिला' असे शब्द पहिल्यांदा आले आणि खाली आमची नावं आली. आता बँकेत विचारायचं ठरवलंय. शेतकऱ्यांचं किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मासेमारी करणाऱ्यांनाही मिळू शकतं आणि त्यात महिलांचे बचत गटही येतात. कोणते कागद लागतात ते तालुक्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागात आणि आपल्या बँकेत विचारून घ्या. तिथे पहिला प्रश्न असतो, व्यवसाय काय आणि उत्पन्न किती. त्याचं उत्तर वहीत हवं.

तुमच्या गावात खाडी नसेल. तुमच्याकडे शेळ्या असतील, परसातली भाजी असेल, गोधडी शिवणं असेल, तळ्यातली मासळी असेल. घरातले त्याला हौस म्हणत असतील, तुम्हीही म्हणत असाल. हौस असायला माझी काही हरकत नाही. मलाही गरवायला आवडतं. मासा लागला की तंगूस बोटावर थरथरतो, ते सुख बावीस वर्षांनीही जुनं झालेलं नाही. पण आवडतं म्हणून ते काम फुकटचं होत नाही.

तेव्हा एवढं करा. वीस रुपयांची वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, किती वेळ दिला, काय मिळालं, किती विकलं आणि किती घरात वापरलं, खर्च किती. रिकामा दिवसही लिहा. तीन महिन्यांनी गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर बेरीज वाचा.

परवा ती शहरातली मुलं पुन्हा आली होती. या वेळी चुकीच्या वेळेला नाही, मला विचारून आली. त्यातल्या एकाने नव्या मित्राला माझी ओळख करून दिली, "या मावशींना हौस आहे." मी म्हटलं, "नाही रे बाबा. माझा धंदा आहे हा. बस इथे, पाणी आत्ताच वळलंय."