ऑटो बसवलाय? मग टायमरही बसवा

घरच्या घरी खटपट करणाऱ्यांच्या आपल्या गप्पांमध्ये आजचा विषय आहे मोटरचा ऑटो.

बारामती-इंदापूर पट्ट्यात हा जुगाड माहीत नाही असा शेतकरी सापडायचा नाही. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. लाईट गेली की स्टार्टरची कॉइल सुटते. परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबायला लागतं. रात्री दोन वाजता उसातून विहिरीवर जायचं, पायाखाली साप आणि आता बिबट्याचीही भीती. ते बटण दाबायचं काम ऑटो करतो. त्यामुळे ऑटो बसवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण महावितरण दरवर्षी सांगतं, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. का? जरा हिशोब करू.

5 एचपीची मोटर चालताना साधारण 7-8 अँपिअर घेते. सुरू होताना मात्र काही सेकंद त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे 40 च्या आसपास. आता 63 केव्हीएची डीपी पूर्ण भाराला सुमारे 84 अँपिअर देते. त्यावर अशा दहा मोटरी चालत्या असतील तर जेमतेम भागतं. पण दहाही ऑटोवर असतील, तर लाईट येताक्षणी मागणी होते 400 ची! व्होल्टेज पडतं, मोटरी वेग घेत नाहीत, घुमत राहतात आणि जास्त वेळ जास्त करंट ओढतात. मग फ्यूज जातो, मोटर जळते, नाहीतर डीपीच जळते. डीपी जळली की दहाही जणांचं पाणी बंद, आणि ऐन उन्हाळ्यात उभं पीक डोळ्यांदेखत वाळतं.

म्हणजे बघा, एकट्याचा ऑटो सोयीचा. दहा जणांचे एकाच वेळी, तो सगळ्यांचा घात.

यावर उपाय साधा आहे. ऑटोच्या आधी एक टायमर. लाईट आली की तो मोजायला लागतो, वेळ भरली की मगच ऑटोला वीज देतो. पहिल्याचा शून्यावर, दुसऱ्याचा 20 सेकंद, तिसऱ्याचा 40. दहावी मोटर तीन मिनिटांनी सुरू होते, कुणाचंच काही बिघडत नाही.

इलेक्ट्रिकच्या दुकानात तयार ‘ऑन डिले’ टायमर मिळतो. हौस असेल तर 555 आयसी आणि रिले घेऊन घरीही बनतो. सूत्र सोपं: रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले 1.1. म्हणजे 1 मेगाओहमचा फिरवायचा रेझिस्टर आणि 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर चार मिनिटांपर्यंत वेळ लावता येतो. सर्किट घरी टेबलावर जुळवा. स्टार्टरमध्ये जोडायला मात्र जाणकार वायरमन बोलवा. तिथे 415 व्होल्ट असतात. आणि डीपीला हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

सोबत मोटरला कपॅसिटर हवाच: 3 एचपीला 1 केव्हीएआर, 5 ला 2. त्याने लाईनवरचा करंट कमी होतो.

आणखी एक. उजनीच्या काठावर पाणी मागे सरतं, फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि ऑटो कोरडीच मोटर चालवतो. अशा ठिकाणी मोबाइलवरून चालू-बंद करणं बरं. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला 2009 मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, ते याच कामासाठी.

बारामतीत आज उसाला एआय सांगतंय पाणी कधी द्यायचं. छानच आहे. पण ते पाणी शेवटी आपल्या डीपीवरूनच येणार. तेव्हा या आठवड्यात एक करा: आपल्या डीपीवरच्या सगळ्यांना पारावर बोलवा, कागदावर नावं लिहा आणि नावापुढे सेकंद लिहा. टायमर नंतर आणला तरी चालेल, आधी ती यादी करा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.